दिंडीच्या गाडीवरचा जनरेटर



ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते. पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आज कारखान्यांचा पट्टा आहे. पण देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे याच पट्ट्याला लागून आहेत. पालख्यांबरोबर शेकडो दिंड्या चालतात आणि बहुतेक दिंड्यांची स्वतःची मालमोटार असते. तंबू, शिधा, भांडी, अंथरुणे, एखादा आजारी वारकरी, सारे त्या गाडीत. पंढरपूर येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे ती गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. गाडी बहुधा जुनी असते आणि तिच्यावरचा जनरेटरही जुनाच. वर्षातले अकरा महिने तो कोपऱ्यात पडून असतो. मग भर पावसात, माळावर मुक्काम पडल्यावर त्याची आठवण होते, आणि नेमका तेव्हाच तो रुसतो.

अशा वेळी काय होते? कुणी दोरी ओढत बसतो, कुणी तारा उपसतो, कुणी प्लग काढतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! वास्तविक दोष शोधण्याचा एक क्रम आहे. इंजिन, वीज तयार करणारे यंत्र, आणि तिथून दिव्यांपर्यंत जाणाऱ्या तारा, असे याचे तीन भाग. दोष कोणत्या भागात आहे ते आधी ठरवावे आणि मगच हत्यार हातात घ्यावे.

पहिले काम म्हणजे सगळा भार काढून टाकणे. दिवे, पंखे, कर्णा, सारे बंद. आता इंजिन चालू करून पाहा.

इंजिन चालूच होत नसेल, तर विजेचा विचार सध्या सोडून द्या. पेट्रोलचे इंजिन असेल तर गेल्या वर्षीचे पेट्रोल टाकीत राहिलेले असते; ते चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. डिझेलचे असेल तर गाळणी तुंबलेली असते, नाहीतर नळीत हवा शिरलेली असते. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. पुष्कळ छोट्या जनरेटरांत वंगणतेल कमी झाले की इंजिन आपोआप बंद करणारी योजना असते. गाडी उतारावर उभी असली की तेल एका बाजूला जाते आणि पुरेसे तेल असूनही इंजिन बंद पडते. माउलींच्या वाटेवर दिवेघाट आहे, तिथे हे सहज घडेल. म्हणून आधी जनरेटर सपाट जागी घ्यावा.

इंजिन नीट चालते, पण वीज नाही, हा दुसरा प्रकार. यंत्रावरची संरक्षक कळ पडली आहे का, ते प्रथम पाहा. मग यंत्राच्याच खोबणीत एक चांगला दिवा लावा. तो लागला, तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष पुढच्या तारांत आहे. जुन्या गाडीत हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, पावसाने टोके गंजतात. इंजिन बंद करून सांधे तपासा. तिथला दिवाही लागला नाही, तर कार्बन ब्रश झिजलेले असतील, किंवा यंत्राच्या लोखंडात शिल्लक राहणारे चुंबकत्व फार दिवस पडून राहिल्याने क्षीण झाले असेल. ते बॅटरीने पुन्हा जागवता येते. मात्र ते जाणत्या कारागिराचे काम आहे, आपण हात घालू नये.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. एकेक दिवा लागतो, पण सगळे जोडले की इंजिन दबते आणि उजेड मंदावतो. इथे बहुतेकदा बिघाड नसतो, हिशेब चुकलेला असतो. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. अडीच केव्हीएचा जनरेटर ०.८ या शक्तिगुणकाने २००० वॅट देतो. ९ वॅटचे २० दिवे म्हणजे १८०, ७५ वॅटचे १० पंखे म्हणजे ७५०, आणि ध्वनिक्षेपकाचे ३००, बेरीज १२३०. इथवर ठीक. आता कुणी एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप जोडला. तो सुमारे हजार वॅट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढतो. मग यंत्र दबणारच! पंप चालवायचा तर पंखे बंद ठेवावेत.

तारही बारीक नसावी. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने ५० मीटरवर १० अँपिअर वीज नेली, तर जाऊन-येऊन सुमारे १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात.

आता जिवाची गोष्ट सांगतो. पाऊस आला की जनरेटर गाडीच्या आत घेतात किंवा ताडपत्रीने गुंडाळतात. असे कधीही करू नका. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. जनरेटर माणसांपासून निदान वीस फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. वर छप्पर असू द्या, पण चारी बाजू उघड्या. गाडीवरच बसवलेला असेल तर धुराच्या नळीचे सांधे तपासा आणि तो चालू असताना गाडीत किंवा गाडीखाली कुणाला झोपू देऊ नका. कुणाचे डोके दुखू लागले, गरगरू लागले, तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणा आणि डॉक्टरांना दाखवा.

मुक्काम पुष्कळदा शाळेत किंवा देवळात असतो. तिथल्या भिंतीवरच्या खोबणीत जनरेटरची तार खुपसून सगळी इमारत उजळवण्याचा मोह होतो. ती वीज उलटी खांबावर चढते आणि तिथे दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा प्राण घेऊ शकते. बदलकळ बसवल्याशिवाय अशी जोडणी करू नये. ओल्या हाताने तारेला शिवू नये, आणि गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ जाणकाराकडून, भूजोडणीसह, बसवून घ्यावी.

सुदैवाने जाणकार लांब नाहीत. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी, चिंचवड, चाकण येथे कारखाने वाढले. इंजिन आणि वायंडिंग जाणणारे हात या पट्ट्यात जागोजाग आहेत. प्रस्थानाच्या आठ दिवस आधी जनरेटर त्यांना दाखवा. जुने पेट्रोल काढा, तेल बदला, आणि मुक्कामावर जेवढे दिवे-पंखे लागणार तेवढे सगळे जोडून तासभर चालवून पाहा. जो दोष माळावर पावसात छळायचा, तो दारातच, दिवसाउजेडी सापडेल.

घाई करू नका, क्रम सोडू नका. दिवा गेला तर तो पुन्हा लावता येतो. माणूस गेला तर तो परत येत नाही. एवढे ध्यानात ठेवा.