कचऱ्याला किंमत आली की तो कुणाचा होतो?

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



‘कचऱ्यापासून ऊर्जा’ हा विषय शिबिरात ठेवल्यावर काहीजणींनी विचारलं, हा आपला विषय कसा? ते तर इंजिनिअर लोकांचं काम. मी म्हटलं, खरकटं, शेण, केर, भंगार यांना पिढ्यान्‌पिढ्या हात कुणाचा लागतो? कचरा म्हणून आहे तोवर विषय आपलाच असतो. त्यापासून गॅस आणि वीज निघायला लागली की तो आपला राहत नाही, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल.

सुरुवात शेणापासून करू. गोबरगॅस आपल्याकडे नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात एकोणिसाव्या शतकातच मैल्यापासून गॅस काढला गेला. पुढे जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचं संयंत्र बनवलं, खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं. १९८१-८२ पासून केंद्राची राष्ट्रीय योजना आली, अनुदानं आली. संयंत्राचं काम अगदी साधं. शेण आणि पाणी समसमान कालवायचं, बंद टाकीत सोडायचं. हवा नसली की जिवाणू ते कुजवतात आणि मिथेन तयार होतो. एक किलो ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. चार-पाच माणसांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचं संयंत्र पुरतं. म्हणजे रोज पन्नास किलो शेण, चार-पाच जनावरं. उरलेली मळी शेताला खत म्हणून उत्तम.

चुलीच्या धुरातून सुटका झाली, सरपणाची वणवण कमी झाली. हे खरंच झालं आणि त्याचं मोल मी कमी करणार नाही. ज्यांनी फुंकणीने फुंकून डोळे लाल करून घेतले आहेत त्यांना ते सांगायला नको. पण पन्नास किलो शेणाला पन्नास लिटर पाणीही लागतं. ते कोण आणतं? रोज हाताने कालवतं कोण? संयंत्राच्या कागदावर नाव मात्र बहुतेक घरधन्याचं, कारण जनावरं त्याची, जागा त्याची.

याहून अडचणीची गोष्ट पुढे आहे. जिच्याकडे जनावरं नाहीत ती भूमिहीन बाई रस्त्यावरचं, गायरानातलं शेण गोळा करून गोवऱ्या थापायची, स्वतःची चूल पेटवायची, चार विकायची. शेण टाकाऊ होतं तोवर तिला कुणी अडवलं नाही. संयंत्राला शेण लागायला लागलं की शेणाला मालक आला. एकाच योजनेतून एकीच्या घरात निळी ज्योत पेटते आणि दुसरीची पाटी रिकामी राहते, हे सरकारी अहवालात कुठल्या रकान्यात लिहायचं?

कारखान्याच्या टाकाऊ मालाचंही तेच. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःपुरती वीज करायचा. आता उच्च दाबाच्या बॉयलरवर जादा वीज करून ती विकली जाते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊस दर कायद्याने बगॅस, मळी यांसारख्या उपपदार्थांच्या उत्पन्नातही ऊस उत्पादकाचा वाटा मान्य केला. चांगलंच झालं. पण तो ऊस तोडणारं जोडपं, ज्याला ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, त्याचा त्या हिशोबात पत्ताच नाही. त्या कोयत्यातली अर्धी बाई तर स्वतःच्या मजुरीच्या उचलीवरही नावाने नसते. उसाच्या पाचटाचं उदाहरण मात्र वेगळं आहे. शेतात नुसतंच जाळलं जाणारं हे पाचट भट्टीत कोळसा करून त्याच्या कांड्या करायच्या, हे तंत्र डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने बसवलं. २००२ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ साली दुसरा मिळाला तो खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या घरगुती बायोगॅसला. दोन्ही तंत्रं लहान आहेत, गटाला झेपतील अशी. मोठ्या निविदांच्या यादीत ती दिसत नाहीत एवढंच.

आता शहरात येऊ.

आपल्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. भाजीची देठं, शिळं अन्न, फळांची सालं. त्यात पाणीच जास्त. हा माल जाळायला नालायक आणि कुजवायला उत्तम. सुक्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा. या दोन्हींची भेसळ झाली की दोन्ही वाया. डेपोवरच्या ढिगात हवा न मिळता ओला कचरा कुजतो, तिथेही मिथेनच तयार होतो, फक्त तो चुलीत न जाता आगीला खाद्य होतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डेपो पेटला तेव्हा मुंबईवर दिवसेंदिवस धूर होता, महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

म्हणजे ऊर्जेची पहिली पायरी वेगळं करणं ही आहे. बायोगॅसच्या टाकीत प्लास्टिकची पिशवी गेली की ती वर तरंगते, नळ्या तुंबवते. नारळाच्या करवंट्या, हाडं कुजत नाहीत. काचेचा तुकडा यंत्राचं पातं मोडतो. पुण्यात महापालिकेने पाच-पाच टनांचे अनेक बायोगॅस प्रकल्प उभारले, त्यांतले बरेच क्षमतेपेक्षा खूपच कमी चालले. अशा वेळी यंत्राला दोष देतात. पण यंत्राला काय जातंय ते कुणी पाहायचं? इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस प्रकल्प सुरू झाला, त्या गॅसवर शहराच्या बस चालवायचं ठरलं. तेही घरोघरी वेगळा केलेला ओला कचरा मिळू लागल्यावरच जमलं.

घरात वेगळं कोण करतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दाराबाहेर ते काम कचरावेचक बायका करत आल्या आहेत, बहुसंख्य दलित, बऱ्याचशा एकट्या घर चालवणाऱ्या. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास कार्यक्रमातल्या कचरावेचक बायकांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांच्या निसर्गऋण पद्धतीचे बायोगॅस प्रकल्प चालवायचं शिक्षण घेतलं आणि ते चालवून दाखवले. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई टाकीतल्या काल्याच्या वासावरून आज माल बिघडलाय हे सांगते. याला आपण कौशल्य म्हणत नाही, ‘सवय’ म्हणतो, कारण कौशल्य म्हटलं की पगार द्यावा लागतो.

आणि आता जाळण्याबद्दल. वीज करायची तर कचरा जाळा, हा मार्ग कंपन्यांना फार आवडतो. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्राचा रोज ३०० टनांचा प्रकल्प उभा केला. थोड्याच काळात बंद पडला. आपल्या कचऱ्यात अपेक्षेच्या निम्मीही उष्णता निघाली नाही. निघणार कशी? उष्णता देणारे कागद, प्लास्टिक तर वेचून झालेले असतात. उरतो ओला आणि मातीचा. मग भट्टी चालवायची तर तिला नेमकं तेच लागतं ज्यावर कचरावेचक बाईची चूल पेटते. पुढे ओखल्याला २०१२ साली असाच प्रकल्प सुरू झाला. शेजारच्या वस्त्यांनी धुराविरुद्ध वर्षानुवर्षं कज्जा लढवला. २०१७ मध्ये हरित लवादाने कंपनीला पंचवीस लाखांचा भुर्दंड लावला, पण प्रकल्प चालूच ठेवला.

या विजेला ‘अक्षय ऊर्जा’ म्हणतात, याची मला गंमत वाटते. प्लास्टिक म्हणजे घट्ट झालेलं खनिज तेल. ते जाळलं तर अक्षय आणि डिझेल जाळलं तर प्रदूषण? शेण, खरकटं, पाचट दरवर्षी नव्याने येतात, त्यांना अक्षय म्हणा. क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन तयार होतात, ती आईच्या दुधापर्यंत पोचतात. आणि तेच प्लास्टिक, तोच कागद पुन्हा कारखान्यात वापरला तर नवा बनवण्याची जी ऊर्जा वाचते ती जाळून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. म्हणजे भंगाराच्या दुकानात वजन करून देणारी बाई वीज वाचवतेच आहे, तिचं मीटर कुणी बसवलेलं नाही.

गॅसच्या बाजूने मी आहे, हे स्पष्ट सांगते. ओला कचरा वॉर्डातच जिरावा, गॅस अंगणवाडीच्या किंवा वस्तीच्या स्वयंपाकघरात जावा, खत बागेत जावं. संयंत्र लहान असेल तर बिघडलं तरी कळतं आणि दुरुस्तही होतं. तो चालवण्याचं काम, हातमोजे, गमबूट, पगारी रजा यांसह, आज कचरा वेचणाऱ्या बायकांच्या संस्थेला मिळावं. ‘स्वच्छ’सारख्या संस्थेचाही करार २०२० च्या अखेरीस संपला तेव्हा मुदतवाढ काही महिन्यांच्या तुकड्यांत मिळाली. पंधरा-वीस वर्षांच्या करारावर भट्टीवाल्या कंपनीला जागा मिळते, बायकांना तिमाहीवर टांगून ठेवतात.

तुमच्या गावात, नगरपालिकेत असा प्रकल्प येत असेल तर उद्घाटनाची वाट पाहू नका. निविदेची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. त्यात ‘रोज इतके टन कचरा देऊ’ अशी हमी नगरपालिकेने दिली आहे का ते बघा. दिली असेल, तर कचरा कमी करणं किंवा वेचून विकणं हा उद्या करारभंग ठरू शकतो. कोरडा कचरा कुणाच्या मालकीचा असं लिहिलंय ते बघा. वर्गीकरणाच्या कामाला खर्चाच्या तक्त्यात किती रुपये धरलेत, की ती ओळच नाही, ते बघा. आणि खेड्यातल्या मैत्रिणींनी ग्रामसभेत संयंत्र कुणाच्या नावावर आहे आणि पाणी कुठून येणार हे विचारा. दोन निविदांच्या प्रती मी सोबत आणल्या आहेत. भाषा अवघड आहे, पण जेवणानंतर गटागटाने बसून आपण त्या ओळ न् ओळ वाचणार आहोत.