फोन परदेशातला, सिम इथलं
सुरतजवळच्या इच्छापोर-हजिरा भागातल्या आपल्या मराठी बांधवांसाठी ही खास माहिती. जुन्या फोनच्या बदली अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला फोन तिथल्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला असू शकतो. मग त्यात इथलं सिम चालत नाही. हे लॉक तीच कंपनी काढते आणि त्यासाठी बहुधा सगळे हप्ते फिटलेले असावे लागतात. म्हणून फोन पाठवण्याआधीच तो तिकडून अनलॉक करून घ्यायला सांगा.

सेकंडहँड फोन इथेच घेत असाल, तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. 15 अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक 14422 वर एसएमएस करा. उत्तरात फोन काळ्या यादीत दिसला, तर तो मुळीच घेऊ नका.