ओसाड पडलेल्या ख्रिस्तसभेचा जीर्णोद्धार
(आपल्या पॅरिशच्या जुबिलीनिमित्त सायंकाळच्या सभेंत केलेलें भाषण)



आज सकाळीं आपण सर्वांनीं मिळून उपकारस्तुतीचें मिस्साबलिदान अर्पण केलें. देवळाला नवा रंग दिला आहे, वेदी फुलांनीं सजविली आहे, आणि दूरदूरच्या शहरांतून आपलीं लेकरें आज घरीं आलीं आहेत. हें पाहून कोणाचें अंतःकरण भरून येणार नाहीं? तरी ह्या आनंदाच्या दिवशींच एक गोष्ट स्पष्टपणें बोलण्याची परवानगी मी आपणांपाशीं मागतों. जे बाक आज भरले आहेत, त्यांतील निम्मे गेल्या रविवारीं रिकामे होते. मी लहान असतां सायंकाळची घंटा झाली कीं घराघरांतून रोझरीचा आवाज येई. आज तीच घंटा होते, परंतु तिला उत्तर देणारीं घरें बोटांवर मोजावीं लागतात. देऊळ उभें आहे. देवळाचा प्राण मात्र क्षीण होत चालला आहे. उत्सवाच्या दिवशीं दुखण्याचें नांव काढूं नये, असें कोणी म्हणेल. पण घरांत दुखणें असतां मेजवानीनें तें बरें होत नाहीं.

मग उपाय कोणता? ह्या प्रश्नाचें उत्तर मी माझ्या पदरचें देणार नाहीं. आपल्या शेजारच्या गोव्याच्या भूमींत जन्मलेल्या एका धर्मगुरूनें तें आपल्या आयुष्यानें देऊन ठेविलें आहे. ते म्हणजे संत जोसेफ वाझ.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं बाणावली येथें आजोळीं झाला, घराणें सांकवाळचें. १६७६ सालीं ते धर्मगुरु झाले. पुढें कांहीं वर्षें कानडा प्रांतांत सेवा करून ते १६८५ सालीं जुन्या गोव्यांतील ऑरेटरी नांवाच्या एतद्देशीय धर्मगुरूंच्या मंडळींत आले व लवकरच तिचे प्रमुख झाले. मान होता, शांतता होती, स्वदेश होता. परंतु त्यांच्या कानीं सिलोन बेटाची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, हांक आली होती.

त्या बेटाची तेव्हां काय दशा होती, तें ऐका. डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांपासून जिंकून घेतलें. डच हे काल्विनच्या मताचे. त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंना हांकून दिलें, देवळें आपल्या पंथाच्या उपासनेसाठीं घेतलीं, आणि जो कोणी कॅथलिक धर्मगुरूला आसरा देईल त्याला देहान्त शिक्षा, असा हुकूम काढिला. जवळजवळ तीस वर्षें त्या कळपाला मेंढपाळ नव्हता. ना मिस्सा, ना कुमसार, ना मरणाऱ्याच्या उशाशीं तैलाभ्यंग. बाहेरून पाहणाऱ्यानें ही ख्रिस्तसभा मेली, असेंच म्हटलें असतें.

१६८७ सालीं फादर वाझ मजुराच्या वेषांत जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरले. बरोबर योहान नांवाचा एक सेवक होता. प्रवासाच्या हालांनीं दोघेही आजारी पडले. अंगांत थोडी शक्ति येतांच फादर वाझांनीं काय केलें? त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागत फिरूं लागले. मूठभर तांदूळ हा त्यांचा खरा हेतु नव्हता. ती जपमाळ पाहून कोणत्या दारांतील चेहरा उजळतो, हें त्यांना पाहावयाचें होतें. अशा रीतीनें एकेक घर सांपडत गेलें, विश्वास जडला, आणि रात्रीच्या अंधारांत दारें लावून पुन्हां मिस्सा होऊं लागली. सिल्लालै गांवच्या लोकांनीं त्यांना जिवावर उदार होऊन आसरा दिला.

ह्यांत पहिला धडा आहे. लोक देवळाकडे येत नव्हते, येऊं शकत नव्हते. म्हणून देऊळ त्यांच्या दाराशीं गेलें. हरवलेल्या मेंढराची वाट पाहत गोठ्यांत बसून राहा, असें आपल्या प्रभूनें कोठें सांगितलें आहे?

दुसरा धडा भाषेचा व प्रीतीचा. त्यांनीं तामिळ व सिंहली ह्या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. १६९२ सालीं ते डोंगरांतील कँडीच्या राज्यांत गेले, तेव्हां पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेंत टाकण्यांत आलें. त्यांनीं तक्रार केली नाहीं. कैदेंतच प्रार्थना चालविली, आणि हळूहळू बौद्धधर्मी राजाची त्यांच्याविषयीं खात्री पटली. १६९७ सालीं त्या नगरांत देवीची सांथ आली. भयानें लोक आपल्याच आजाऱ्यांना टाकून निघून गेले. फादर वाझ मात्र राहिले. त्यांनीं आपला भाचा फादर जोसेफ कार्व्हाल्यो ह्याच्यासह टाकलेल्या रोग्यांना अन्नपाणी दिलें, त्यांच्या जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. हा आपल्या धर्माचा कीं परक्या, हें त्यांनीं विचारिलें नाहीं. ज्या मंडळीची शेजाऱ्यांना ऊब लागत नाहीं, ती स्वतःही फार काळ उबदार राहत नाहीं.

तिसरा धडा, मला वाटतें, आज आपल्यासाठीं सर्वांत महत्त्वाचा आहे. एवढें मोठें बेट आणि धर्मगुरु आधीं एक, मग थोडे. प्रत्येक गांवीं वर्षांतून एखादी भेट. मग उरलेल्या दिवसांत गांवानें काय करावें? फादर वाझांनीं वस्तीवस्तींतून प्रापंचिक गृहस्थ उभे केले. मुप्पु म्हणून एक प्रमुख नेमिला. अण्णावी म्हणून एक धर्मशिक्षक नेमिला. ते रविवारीं लोकांना जमवून प्रार्थना चालवीत, मुलांना शिकवीत, प्रसंग पडल्यास मरत्या बालकास बाप्तिस्मा देत आणि मरणोन्मुखाजवळ बसत. धर्मगुरूची वाट पाहत हात जोडून बसलेला गांव आणि धर्मगुरु येईपर्यंत दिवा तेवत ठेवणारा गांव, ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

चौथा धडा असा कीं, त्यांनीं कार्य आपल्या एकट्याच्या खांद्यावर ठेविलें नाहीं. गोव्याहून मागाहून आलेल्या बंधूंना त्यांनीं तयार केलें. त्यांतील दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ सालीं आले व त्यांनीं सिंहली आणि तामिळ भाषांत धर्मग्रंथ रचून लोकांच्या हातीं दिले. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें फादर वाझांनीं देह ठेविला. चोवीस वर्षांत ते गोव्यास एकदांही परतले नाहींत. पण त्यांच्या मागें काम थांबलें नाहीं. १७९६ सालीं डचांचा अंमल संपला, तेव्हां त्यांचे किल्ले इंग्रजांकडे गेले; कॅथलिक श्रद्धा मात्र त्या गांवांतच होती. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांना संतपद दिलें.

आतां दूरच्या बेटावरून आपण आपल्या किनाऱ्याकडे वळूं. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसईचा किल्ला घेतला. किल्ल्यांतील मोठमोठ्या देवळांच्या पडक्या भिंती आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. त्यांच्या माथ्यावर आज झाडें वाढलीं आहेत. पण आसपासच्या गांवांतील श्रद्धा पडली नाहीं. तिला एतद्देशीय धर्मगुरूंनीं संभाळिलें आणि घरोघरच्या आयाबायांनीं. दगड पडले तरी ख्रिस्तसभा राहते. घरांतील प्रार्थना पडली, तर दगड उभे असूनही ती राहत नाहीं.

बंधुभगिनींनो, उपदेश करणाऱ्यानें आपलें माप आधीं घ्यावें. कित्येक वर्षांपूर्वीं सणाच्या मिरवणुकीच्या मानावरून आपल्यांत एक तंटा झाला. एका कुटुंबानें देवळांत येणें सोडिलें. त्या वेळीं मी कमिटींत होतों आणि माझी बाजू खरी आहे, अशी माझी खात्री होती. आजही ती चुकीची होती, असें मी म्हणत नाहीं. पण त्या घरच्या आजीबाई वारल्या, तेव्हां मी मयतीला गेलों नाहीं. त्या घराच्या आणि माझ्या घराच्या मध्यें एक विहीर आणि दोन वाड्या एवढेंच अंतर आहे. फादर वाझ समुद्र ओलांडून गेले. मला दोन वाड्या ओलांडतां आल्या नाहींत. देऊळ कां रिकामें झालें, ह्याचें कारण मी शहरांत, नव्या काळांत व तरुण मुलांत शोधीत होतों. त्यांतील थोडें माझ्या अंगणांतच होतें.

म्हणून माझी विनंती लहान आहे. ह्या जुबिलीच्या वर्षांत प्रत्येक आळीनें आपला एक मुप्पु व एक अण्णावी निवडावा. नांव कांहींही द्या, काम तेंच असूं द्या. प्रत्येक घरांत आठवड्यांतून एक तरी सायंकाळ रोझरी व्हावी. आपल्या मुलांना जी भाषा समजते, त्या भाषेंत त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलावें. आणि आपणांपैकीं प्रत्येकानें येत नाहीं अशा एकाच घरीं जावें. वाद मिटविण्यासाठीं नव्हे, वर्गणीसाठीं तर नव्हेच. केवळ विचारपूस करण्यासाठीं. सर्व भार आपल्या फादरांवर टाकून आपण प्रेक्षक होऊन बसूं नये.

उद्यां सकाळीं मिस्सा झाल्यावर मी ती विहीर ओलांडून त्या घरीं जाणार आहें. दार उघडेल कीं नाहीं, तें ईश्वर जाणे. फादर वाझांनाही पुष्कळ दारांनीं परत पाठविलें असेल. म्हणून ते पुढच्या दारीं जाण्याचे थांबले नाहींत.

पवित्र मरियामाता आपणां सर्वांसाठीं विनंती करो, आणि पुढच्या जुबिलीला आपल्या नातवंडांनीं हें देऊळ भरलेलें असो. आमेन.