घरच्या पाटीवरचे अक्षर



नागपूरचा उन्हाळा आपणांस सांगावयास नको. घरी कूलर सुरू आहे, वाळ्याच्या ताट्यांना वास सुटला आहे, आणि तो गारवा सोडून आपण येथे हुडकेश्वरात व्याख्यान ऐकावयास आला आहात. तेव्हा आपला वेळ वाया जाणार नाही एवढी काळजी घेणे आमचे कर्तव्य आहे. विषय म्हटला तर लहान आहे. जी मुले शाळेत न जाता घरीच शिकतात, त्यांना लिहावयास, शुद्ध लिहावयास आणि चारचौघांत बोलावयास कसे शिकवावे, एवढाच तो विषय.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. मुलांना शाळेतून काढा, असे सांगावयास आम्ही आलेलो नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे आणि तो फार मोलाचा आहे. घरच्या शिक्षणासाठी त्या कायद्यात वेगळी तरतूद नाही. तरीही काही कुटुंबे हा मार्ग पत्करतात. त्यांच्या मुलांना पुढे वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देता येते. राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचीही सोय आहे. मार्ग योग्य की अयोग्य हा वाद आज बाजूला ठेवू. मूल घरी शिकत आहे, हे गृहीत धरून पुढे जाऊ. आणि खरे पाहिले तर शाळेत जाणारे मूलही भाषा घरीच अधिक शिकते. तेव्हा हे बोलणे सर्वांच्याच कामाचे आहे.

ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. ज्या वसंत व्याख्यानमालेच्या वळणावर गावोगाव अशा माला सुरू झाल्या, ती पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केली. त्याच रानड्यांनी १८७३ साली लग्न होऊन घरात आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला घरीच लिहावयास शिकवले. त्या रमाबाई पुढे सभांतून बोलू लागल्या, सेवासदनाचे काम त्यांनी उभे केले, आणि १९१० साली त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईवडिलांनी, तीर्थयात्रेच्या वाटेवर. म्हणजे घरच्या पाटीवर अक्षर चांगले उमटू शकते, याचे पुरावे आपल्याजवळ आहेत.

पण उलट पुरावाही आहे आणि तो लपवता कामा नये. येथून जवळच सेवाग्राम आहे. जेथून १९३७ साली महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार देशापुढे मांडला, त्या वर्धा-सेवाग्रामला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना घरीच शिकवले होते. परंतु त्यासाठी पुरेसा वेळ आपण देऊ शकलो नाही आणि मुलांच्या मनात त्याची तक्रार राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जे जड गेले, ते आपणांस सोपे जाईल असे समजू नये. आम्ही तसे समजलो आणि फसलो. ती हकीकत आता सांगतो.

२०२० च्या मार्च महिन्यात शाळांना कुलपे लागली तेव्हा आमचा नातू सात वर्षांचा होता. पुढे शाळा उघडल्या, पण त्याला घरीच शिकवावयाचे असे आमच्या मुलाने व सुनेने ठरवले. गणित-विज्ञान त्यांनी घेतले, आणि मराठीचे खाते आमच्याकडे आले. आम्ही उभे आयुष्य फळ्यापुढे काढलेले. आम्हांस वाटले, यात काय अवघड आहे? पहिल्याच आठवड्यात आम्ही त्याला घरातल्या कोणत्याही कामावर आठ ओळी लिहावयास सांगितल्या. त्याने लिहिले की, आजी लोनी काढून राहिली होती, आणि लोनी वर आले तेव्हा तिचे डोये बारीक झाले. आम्ही लाल शाईचे पेन घेतले. लोनी नव्हे, लोणी. डोये नव्हे, डोळे. काढून राहिली होती नव्हे, काढत होती. आठ ओळींत आम्ही एकवीस खुणा केल्या आणि मोठे कर्तव्य केल्याच्या समाधानाने वही परत दिली. पोराने वही पाहिली, मिटली आणि म्हणाला, "आबाजी, मी चुकूनच राहिलो तं लिहू कायले?"

त्यानंतर चार महिने त्याने मराठीची एक ओळ लिहिली नाही. आमच्या सौभाग्यवतींनी ती वही एकदा वाचली आणि त्या एवढेच म्हणाल्या, "माझे डोळे बारीक होतात हे चाळीस वर्षांत तुम्हांला कधी दिसले नाही. त्याला दिसले." सभ्य गृहस्थहो, आमची चूक काय झाली ती आम्हांस त्या वाक्याने कळली. मुलाने पाहिलेले आम्ही वाचलेच नाही. आम्ही फक्त त्याचे ऱ्हस्वदीर्घ वाचले.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून विचार करू लागलो. हे मूल चुकते ते कशामुळे? निष्काळजीपणामुळे? नाही. ते जे ऐकते तेच इमानाने लिहिते. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत पुष्कळदा ळ चा य होतो. शाळा ती शाया, काळा तो काया. ण चा न होतो, म्हणून पाणी ते पानी. शिवाय १९५६ पर्यंत हे शहर मध्यप्रदेशाच्या राजधानीचे. मराठी आणि हिंदी येथे एका अंगणात वाढल्या. त्यामुळे मुलाला दुकानाच्या पाटीवर हिंदी कठिन दिसते आणि पुस्तकात मराठी कठीण. तेथे व्यक्ति, येथे व्यक्ती. यात भर म्हणजे आमच्यासारखे म्हातारे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तरी आमच्या हातून अजून नांव आणि गांव असे लिहिले जाते! मग पोराने कोणाचे खरे मानावे?

चूक कोठून येते हे कळले की तिचा राग येत नाही, आणि राग गेला की शिकवता येते. आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, लिहिण्याआधी बोलणे. रोज संध्याकाळी पोराने दिवसभरातली एक गोष्ट सांगावयाची आणि आम्ही ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावयाची, एकही शब्द न बदलता. आपले बोलणे कागदावर उतरते आणि दुसऱ्या दिवशी तसेच वाचता येते, याचा त्याला मोठा अचंबा वाटला. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली ती महाराष्ट्रास मिळाली. घरात एक लिहून घेणारा असला तर न लिहिणाऱ्याचेही बोल वाया जात नाहीत. लहान मुलाच्या बाबतीत तो लिहून घेणारा आपण व्हावयाचे.

दुसरी गोष्ट, नियम स्वयंपाकघरातून. दूध, तूप, पीठ, मीठ, चूल हे शब्द पहा. सगळ्यांत दीर्घ अक्षर आहे. आता त्यांना प्रत्यय लावा: दुधात, तुपाचा, पिठात, मिठाचा, चुलीवर. लगेच ते अक्षर ऱ्हस्व झाले. नियम आम्ही सांगितला नाही. डबे पुढे मांडले आणि पोरानेच तो शोधून काढला. मग त्याला सांगितले की, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे मात्र आपला वेष बदलत नाहीत: गुण-गुणाने, दीप-दीपाला, सूत्र-सूत्राला. शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ: पाणी, कवी, गुरू, वस्तू. पण समासात पुढे शब्द आला की कविवर्य आणि गुरुवार. आणि आणि हा शब्द मात्र ऱ्हस्वच. एका आठवड्यात एकच नियम घ्यावयाचा आणि वहीत त्या आठवड्यापुरती त्याच नियमाची खूण करावयाची. बाकीच्या चुकांकडे डोळेझाक करावी लागते. आम्हां मास्तरांना हेच सर्वांत कठीण जाते!

तिसरी गोष्ट, हस्ताक्षर. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, आणि त्यात अक्षराचा आकार, ओळींची सरळता, अंतर यांची किती बारीक काळजी वाहिली आहे ते मुद्दाम पाहावे. गांधीजींचेही मत असे झाले होते की, मुलाला अक्षरे गिरवावयास लावण्यापूर्वी चित्र काढावयास शिकवावे. आम्ही तसे केले. आधी घागर, मग घ. हात वळला.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शाळेत मुलाला चाळीस सोबती असतात. घरी त्याला वाचणारे कोण? तपासनीस आणि वाचक यांत फरक आहे. म्हणून आम्ही पोस्टकार्डे आणली आणि पुण्यास असलेल्या त्याच्या आत्यास पत्र लिहावयास सांगितले. चार महिन्यांनी त्याने लेखणी धरली ती यासाठी. संक्रांत जवळ आली होती. त्याने लिहिले, "आत्या, गुयाची पोयी पाठव." आम्ही मन घट्ट केले आणि कार्ड तसेच पेटीत टाकले. आत्या तर येथलीच, तिला कळलेच. पण तिच्या पुण्यात वाढलेल्या मुलांनी उलट विचारले, "पोयी म्हणजे काय?" ते उत्तर हातात घेऊन पोरगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आबाजी, त्यांना समजंल असं कसं लिहू?"

बंधुभगिनींनो, जे आमच्या एकवीस खुणांना जमले नाही ते एका कार्डाने केले. शुद्धलेखन ही दूरच्या वाचकाची सोय आहे. जो आपल्या ओसरीवर बसलेला नाही, ज्याने आपला आवाज ऐकलेला नाही, त्याला आपले म्हणणे बिनचूक पोहोचावे यासाठी सर्वांनी मिळून ठरवलेली ती रीत आहे. मुलाला असे सांगितले तर ते आनंदाने पाळते. तुझी बोली गावंढळ म्हणून सुधार, असे सांगितले तर ते गप्प बसते.

आता बोलण्याविषयी. घरच्या मुलाची खरी उणीव येथेच असते. आईवडील त्याचे अर्धे वाक्य ऐकूनच पूर्ण समजतात, म्हणून पूर्ण वाक्य बोलण्याची त्याला गरजच पडत नाही. यावर उपाय म्हणजे परकी माणसे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. आम्ही तेवढे थोर नव्हे, पण आमच्या ले-आऊटमधल्या पाच घरांची मुले दर रविवारी आमच्या गच्चीवर जमवली. त्यांत शाळेत जाणारीही आहेत. प्रत्येकाने उभे राहून पाच मिनिटे बोलावयाचे. पाठ केलेले भाषण चालत नाही. स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावयाची आणि मग ऐकणाऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरे द्यावयाची. खरे बोलणे त्या प्रश्नांत शिकले जाते.

तेथे भाषा कोणती असावी? आम्ही सांगतो, दोन्ही. एकच गोष्ट एकदा आजीला सांगितल्यासारखी सांगा, एकदा आकाशवाणीवर सांगितल्यासारखी. एक चूक आणि दुसरी बरोबर असे नाही. गाडगेबाबांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते वऱ्हाडीतच बोलत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तरे घेत, आणि हजारो माणसे खिळून राहात. तुकडोजी महाराजांचेही शालेय शिक्षण थोडकेच. आज अमरावतीचे विद्यापीठ पहिल्यांच्या नावाने आहे आणि आपले नागपूरचे दुसऱ्यांच्या नावाने. ज्या मुलखात असे आहे, तेथे मुलाच्या बोलीला हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

मात्र एक सावधगिरी. हे सर्व करावयास रोज एक तास लागतो आणि तो ठरलेला तास लागतो. आज पाहुणे, उद्या बाजार, परवा लग्न असे म्हणणाऱ्यांनी मुलाला घरी ठेवू नये. तो तास देता येत नसेल तर शाळाच बरी, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

गेल्या महिन्यात आमच्या नातवाने गच्चीवर ती जुनीच गोष्ट सांगितली. लोनी वर येते तेव्हा आजीचे डोये कसे बारीक होतात, ते त्याने आजीच्याच समोर करून दाखवले, आणि सगळी गच्ची हसली. खाली आल्यावर तीच गोष्ट त्याने पुण्याच्या भावंडांसाठी कागदावर उतरवली. त्यात लोणी होते आणि डोळेही. एक ठिकाणी दूधात असे झाले होते. आम्ही लाल शाई काढली नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच स्वयंपाकघराकडे पाहिले, थांबला आणि उकार ऱ्हस्व केला.

येत्या रविवारी संध्याकाळी आपल्या मुलांना घेऊन आमच्या गच्चीवर या. त्यांना बोलू द्या आणि आपण ऐका.