शिक्षकाचा आत्मविश्वास व त्याचे कार्य

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



दोन शिक्षक एकाच अध्यापक विद्यालयातून एकाच वर्षी पदविका घेऊन बाहेर पडतात. दोघांचे गुण जवळजवळ सारखे, दोघांच्या वाट्यास आलेल्या शाळाही सारख्याच : दोन खोल्या, चार इयत्ता, पावसाळ्यात गळणारे छप्पर. पाच वर्षांनी पाहावे तो एकाच्या वर्गात तिसरीची मुले धडा घडघडा वाचीत असतात, आणि दुसऱ्याच्या वर्गात तिसरीतील निम्मी मुले जोडाक्षरापाशी अडखळत असतात. हा फरक कशाने पडला असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते, ‘पहिल्याचे व्यक्तिमत्त्वच तसे आहे.’ हे उत्तर मोठे सोयीचे आहे. व्यक्तिमत्त्व ही जन्मजात देणगी मानली, की दुसऱ्याला करण्यासारखे काही उरतच नाही. ते कितपत खरे आहे हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

व्यक्तिमत्त्व म्हटले की सामान्यतः भारदस्त आवाज, सभाधीटपणा, चारचौघांत उठून दिसणे, अशाच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक हाती घेणारा शिक्षक गावाला ‘हुशार’ वाटतो; कोपऱ्यात बसून मुलांच्या वह्या तपासणाऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. स्वभाव आणि कामगिरी यांच्या संबंधाविषयी मरे बॅरिक व मायकेल माउंट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९१ साली तोपर्यंतच्या शंभरावर अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निरनिराळ्या प्रकारच्या व्यवसायांत सर्वत्र उपयोगी पडणारा स्वभावगुण त्यांना एकच आढळला. तो म्हणजे कर्तव्यदक्षता : हाती घेतलेले काम नेटाने, नीटनेटकेपणाने शेवटास नेणे. बोलकेपणाचा लाभ दिसला तो व्यवस्थापक आणि विक्रेते यांच्या कामात. ज्या गटात शिक्षकांचा समावेश होता, त्या गटात बोलकेपणाने काही साधल्याचे दिसले नाही. कर्तव्यदक्षतेचा परिणामही फार मोठा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु तो सर्वत्र होता. तेव्हा मितभाषी, संकोची शिक्षकाने आपण या पेशास नालायक आहो असे मानण्याचे काहीएक कारण नाही.

आता आत्मविश्वासाकडे वळू. या एका शब्दात दोन अगदी भिन्न गोष्टी कोंबल्या जातात, आणि तेथेच सारा घोटाळा होतो. ‘मी थोर आहे’ असे वाटणे ही एक गोष्ट, आणि ‘या मुलाला हातच्याची वजाबाकी शिकविणे मला जमेल’ असे वाटणे ही दुसरी. पहिलीला स्वतःविषयीचा बहुमान म्हणता येईल. रॉय बाउमाइस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरील संशोधनाचा विस्तृत परामर्श घेतला, तेव्हा असा बहुमान वाढविल्याने अभ्यासातील प्रगती वाढते, याला आधार सापडला नाही. प्रेरक व्याख्याने ऐकून, घोषणा देऊन, आरशासमोर उभे राहून जो आत्मविश्वास कमावावयास सांगतात, तो बहुतेक या जातीचा असतो. तो सभामंडप सोडून एसटीत बसेपर्यंत टिकला तरी पुष्कळ झाले.

दुसऱ्या प्रकारच्या विश्वासाचा पद्धतशीर विचार स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांनी मांडला. त्यांचा मूळ निबंध १९७७ सालचा. विशिष्ट काम आपल्या हातून होईल असा भरवसा ज्याला असतो तो ते काम अंगावर घेतो, त्यासाठी अधिक झटतो आणि पहिल्या अपयशाने खचत नाही, असा त्यांचा सिद्धांत. हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. तोच शिक्षक भाषेच्या तासाला निःशंक असतो आणि अपूर्णांकाच्या तासाला चाचरतो.

हा भरवसा येतो कोठून? त्याच सुमारास बांडुरा यांनी सापाची विलक्षण भीती वाटणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. (आपल्याकडे शेतात वावरणाऱ्याने सापाला भ्यावे यात शहाणपणच आहे, प्रयोगातील साप बिनविषारी होते.) काहींना दुसरी व्यक्ती साप हाताळताना केवळ दाखविली. काहींना, धीर देत, पायरीपायरीने, स्वतः साप हाताळावयास लावले. नुसते पाहणाऱ्यांचाही धीर काहीसा वाढला. परंतु ज्यांनी स्वतःच्या हातांनी काम केले त्यांचा विश्वास सर्वांत दृढ झाला. म्हणजे विश्वास आधी अंगी बाणवावा आणि मग कामाला हात घालावा, हा क्रमच उलटा आहे. लहानशा कामात हात यशस्वी झाला, की त्या हातावरचा विश्वास मागून येतो.

शिक्षकांच्या बाबतीत एक जुना अभ्यास लक्षात घेण्याजोगा आहे. १९७६ साली लॉस एंजेलिसमधील गरीब वस्त्यांतल्या शाळांतील वाचनाविषयी रँड या संस्थेने पाहणी केली. तीत शिक्षकांना दोन विधानांवरही मत विचारले होते. पहिल्याचा आशय असा, की मुलाची प्रगती मुख्यतः घरच्या परिस्थितीवर अवलंबून असल्याने शिक्षक फारसे काही करू शकत नाही. दुसऱ्याचा आशय असा, की मनापासून झटले तर अवघड विद्यार्थ्यापर्यंतही पोचता येते. ज्या शिक्षकांचा कल दुसरीकडे होता, त्यांच्या वर्गांतील मुलांच्या वाचनात अधिक प्रगती दिसली. पहिल्या विधानाची मराठी आवृत्ती कोणत्याही केंद्रात कानी पडते : ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण जोपर्यंत दारिद्र्याचे वर्णन करते तोपर्यंत खरी आहे. मुलाच्या बुद्धीचे वर्णन करू लागली की अन्यायाची होते.

तथापि येथे एक शंका रास्त आहे. विश्वासामुळे मुले वाचू लागली, की मुले वाचू लागली म्हणून विश्वास बसला? बीज आधी की वृक्ष आधी, असाच हा प्रश्न आहे. टिमोथी जज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निरनिराळ्या कामांविषयीच्या अभ्यासांची फेरमांडणी केली. बुद्धी, स्वभाव व अनुभव यांचा वाटा वजा केल्यावर एकट्या विश्वासाचा वाटा थोडाच उरतो, तोही सोप्या कामांत. गुंतागुंतीच्या कामांत तो जवळजवळ नाहीसा होतो, असे त्यांना दिसले. शिकविणे हे तर अत्यंत गुंतागुंतीचे काम. मग निराश व्हावे काय? मुळीच नाही. गुंतागुंतीच्या कामाची लहान, सोपी कामे करावी, हाच यातून घेण्यासारखा बोध दिसतो. ‘यंदा माझा वर्ग शंभर टक्के प्रगत होईल’ हा संकल्प कितीही उच्च असला तरी त्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. ‘पंधरा दिवसांत या तीन मुलांना काना, मात्रा, वेलांटी असलेले शब्द वाचता येतील’ यावर ठेवता येतो, आणि पंधरा दिवसांनी तो खरा ठरला की खोटा, हेही कळते.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात आहे. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात. मुलांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा मारून मोकळे होणे सहज शक्य होते. त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. थोरली मुले गुरे राखावयास जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरविली. ‘आम्हांला जमेल’ हा त्यांचा विश्वास व्यासपीठावरचा नव्हता. एक रीत फसली म्हणजे मूल फसले असे न मानता दुसरी रीत शोधणे, हेच त्या विश्वासाचे स्वरूप होते.

स्वानुभवाखालोखाल उपयोग होतो तो आपल्यासारख्याच माणसाचे काम पाहण्याचा. यात ‘आपल्यासारख्या’ हा शब्द महत्त्वाचा. शहरातील सुसज्ज शाळेचा नमुना पाठ पाहून द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाचा धीर वाढण्याऐवजी खचण्याचाच संभव अधिक. शेजारच्या वाडीवरचा, तितकीच मुले आणि तितकीच अडचण असलेला वर्ग पाहणे अधिक हिताचे. उत्तेजनाच्या शब्दांनाही मोल आहे, पण ते नेमके असतील तर. शेरेबुकातील ‘काम समाधानकारक’ या दोन शब्दांतून शिक्षकाला काहीच मिळत नाही. ‘दुसरीतील मुले मणी मोजून बेरीज करतात, हातच्यापाशी चुकतात, दशकाचे गठ्ठे वापरून पाहावे’ असा शेरा लिहावयास पाच मिनिटे वर्गात बसावे लागते, आणि तपासणी करणाराने ती खर्च केलीच पाहिजेत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचे प्रोत्साहन कोणाच्याही पदरी पडत नाही.

अतिविश्वासाचे भयही नाही असे नाही. जेफ्री व्हँकूव्हर व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका बुद्धिखेळावर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आधीच्या यशाने विश्वास फुगला की पुढच्या डावात माणूस सैल पडतो. वीस वर्षे तोच धडा शिकविणाऱ्या शिक्षकाला पाठाचे टाचण अनावश्यक वाटू लागते, ते याच कारणाने.

आता सर्वांत अवघड प्रसंग. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. जी मुले आजीआजोबांजवळ राहत नाहीत ती फडावर जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तोवर शिकलेले बरेचसे विसरलेले असते. अशा शाळेतील शिक्षकाला ‘विश्वास बाळगा’ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टाच होय. कुटुंबाला फडावर जाण्यापासून रोखणे एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. हंगामी वसतिगृह, फडाजवळच्या शाळेत तात्पुरता प्रवेश, या गोष्टी शासनाने व जिल्हा परिषदेने करावयाच्या आहेत, आणि त्या न झाल्याचा दोष शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वावर टाकणे अयोग्य आहे. शिक्षकाच्या हाती असते ते एवढेच : जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाला नेमके काय येत होते, याची एका वहीत नोंद. कोणती अक्षरे ओळखतो, कितीपर्यंत मोजतो, कोठे अडतो. मूल परत आल्यावर त्याच पानावर पुन्हा नोंद करावी, गळालेल्यांपैकी एकच गोष्ट निवडावी, आठ दिवस तीच शिकवावी आणि जमली की तारीख घालावी. अशा पाचसहा तारखा पडल्या, की शिक्षक पुढच्या मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो, आणि मूलही त्याच्याकडे. ही वही तपासणीसाठी मागविली जाऊ नये. मागविली गेली, तर तिच्यात सोयीच्या तारखा पडू लागतील.