गांधीलमाशीचं पोळं: काढायचं की राहू द्यायचं?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण बाल्कनी असलेल्या प्रत्येकाच्या कामाचा. विषय आहे गांधीलमाशी.

आधी ओळख पटवू, कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठल्याही पोळ्याचा फोटो आला की लोक सरळ 'मधमाश्या!' लिहून मोकळे होतात. पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच इमारतीच्या छज्जाला मोठ्ठं, माश्यांनी काळंभोर झालेलं लटकतं ते आग्यामोहोळ. त्याच्या वाटेला स्वतः जायचंच नाही. भिंतीवर मातीचं मडक्यासारखं किंवा नळीसारखं घरटं दिसलं तर ते कुंभारणीचं. ती एकटी राहते आणि सहसा कुणाला डसत नाही. आणि राखाडी, कागदी, उघड्या षटकोनी घरांचं, एका बारीक देठावर लटकलेलं पोळं दिसलं, तर ते आपल्या गांधीलमाशीचं.

कागदी म्हणजे खरोखर कागदी हं. ही माशी लाकडाचे, झाडाचे तंतू खरवडते, लाळेत मळते आणि त्याचा लगदा पातळ पसरवते. आपण वह्यांचा कागद बनवतो त्याच तत्त्वावर. देठ एवढा बारीक का? तर मुंग्या हा पोळ्याचा मोठा शत्रू, आणि वर चढायला एकच वाट असली की पहारा सोपा होतो. त्यातल्या मध शोधू नका. आत अळ्या असतात, आणि त्यांना भरवायला माश्या सुरवंट पकडून आणतात. तुमच्या कढीपत्त्यावरचे सुरवंट कमी झाले असतील तर श्रेय कुणाचं ते लक्षात घ्या.

आता मुद्दा. पोळं दिसलं की आपण गूगल करतो, आणि उत्तर येतं: 'थांबा, हिवाळ्यात वसाहत आपोआप संपेल.' हे अमेरिका-युरोपच्या थंडीत बरोबर आहे. पण दक्षिण भारतात सगळीकडे दिसणारी रोपालिडिया मार्जिनाटा ही जात वर्षभर पोळी बांधते. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षं याच माशीचा अभ्यास केला. डिसेंबरची वाट बघत बसलात तर डिसेंबर येईल, पोळं तिथेच असेल.

त्यांच्या कामातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. या पोळ्यातली राणी अगदी शांत असते, दादागिरी वगैरे काही नाही. पण तिला काढलं की कामकरी माश्यांतली एक लगेच प्रचंड आक्रमक होते, बाकीच्या तिला विरोध करत नाहीत, आणि साधारण आठवड्याभरात ती शांत होऊन अंडी घालायला लागते. झाली नवी राणी! त्यामुळे 'मोठी माशी मारली की पोळं संपलं' हा सल्ला इथे चालत नाही. राणी पडली तरी सिस्टिम चालूच राहते.

मग काढायचं की नाही? माझा निकष कॅलेंडर नाही, जागा. गच्चीच्या कोपऱ्यात, पंपरूमच्या मागे, कुणाचा हात पोहोचत नाही अशा ठिकाणी असेल तर राहू द्या. या माश्या उगाच मागे लागत नाहीत. पोळ्याला धक्का बसला, दार आपटलं, की उठतात. पण दाराची चौकट, कपडे वाळत घालायची दोरी, मुलांची सायकल ठेवायची जागा असेल तर काढावं लागतं.

आमच्याकडे ते एसीच्या बाहेरच्या युनिटखाली होतं. एरवी मी हात लावला नसता. पण आई महिनाभर राहायला येणार होती, आणि तिला एकदा माशी डसल्यावर सगळ्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, श्वास लागला होता. अशा माणसासाठी पुढचा डंख जीवावरचा ठरू शकतो. वॉचमनकाका म्हणाले, 'साहेब, काठीला चिंधी बांधून पेटवतो.' मी म्हटलं, 'काका, नको. एसीच्या वायरी आहेत, खाली सुकलेला पाला आहे.' पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने संध्याकाळनंतर, सगळ्या माश्या पोळ्यावर परतल्यावर, अंगभर कपडे घालून काम केलं.

चार-पाच घरांचंच पोळं असेल आणि एखादीच माशी, तर लांब काठीने पाडता येतं. पण स्टुलावर चढून नाही. बाल्कनीत माशीपेक्षा तोल जाणं जास्त धोक्याचं. आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे करूच नये. बॅटरी हातात धरू नका, माश्या उजेडाकडे येतात.

डसलीच तर? मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो, हिचा सहसा राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. आधी तिथून दूर व्हा, हात झटकत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, बर्फ लावा, बोटावर डसली असेल तर सूज यायच्या आत अंगठी काढा. लोखंडाची किल्ली घासायची आजीची पद्धत आमच्याकडेही आहे. आजीला नाही म्हणू नका, पण तेवढ्यावर थांबू नका. अंगभर गांधी, चेहरा-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर, उलटी, यातलं काहीही दिसलं किंवा तोंडात-घशात डंख बसला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच 108. खूप डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना.

पोळं काढल्यावर बाहेर गेलेल्या माश्या दिवस-दोन दिवस त्याच जागेभोवती घिरट्या घालतात. तेवढे दिवस बाल्कनीचं दार बंद ठेवा. मग देठाचा उरलेला ठिपका खरवडून टाका, आणि पडद्याच्या रॉडची उघडी टोकं, न वापरलेले पाइप, मीटरच्या पेटीचं झाकण आठवड्यातून एकदा बघत जा.

तुमच्याकडचं पोळं कुठलं ते कळत नसेल तर फोटो पाठवा. फक्त झूम करून काढा, जवळ जाऊन नाही!