सोसायटीच्या मातीतल्या माश्या

पावसाळा ओसरला की बोरिवली-मुलुंडकडच्या सोसायट्यांत, पेव्हर ब्लॉकमधून सुटलेल्या एखाद्या मातीच्या पट्ट्यात बारीक भोकं दिसतात. त्यांत माश्या ये-जा करताना दिसल्या की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. त्याआधी जरा उन्हात उभं राहून बघा.

बीळ करणारी प्रत्येक माशी मधमाशी नसते. गांधीलमाशीच्या नात्यातल्या काही जातीही जमीन उकरतात, पण त्या पिल्लांसाठी अळ्या, टोळ, माश्या पकडून नेतात. मधमाशी नेते पराग. तेव्हा आधी पाय बघायचे. पोळ्यात राहणारी सातेरी माशी परागाची ओलसर गोळी मागच्या पायांवर थापून आणते. जमिनीत राहणाऱ्या बहुतेक माश्यांच्या पायांवर दाट केस असतात आणि त्यांत पराग कोरडाच, पिठासारखा माखलेला असतो.

यांच्यातल्या बहुतेक जाती एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत. मादी स्वतः बीळ खणते, पराग-मकरंदाची शिदोरी ठेवते, अंडं घालते, कोठडी बंद करते. शेजारी शेजारी बिळं असली तरी संसार वेगवेगळे. राखायला पोळंच नसल्याने आग्या माश्यांसारखा थवा अंगावर येत नाही, आणि नराला तर नांगीच नसते.

आता ओळख. पोटावर निळसर चमकदार पट्टे, उडताना मोठा आवाज, फुलासमोर हवेत क्षणभर थांबायची खोड, ही अ‍ॅमेजिला. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला घट्ट धरून ती अंग थरथरवते, तेव्हा पराग झडतात. सातेरीला हे जमत नाही. गच्चीत वांगी लावणाऱ्यांनी हिला पाहुणीसारखं वागवावं, असं माझं मत. मोतिया पट्टे असतील तर नोमिया. घाम चाटायला हातावर बसणारी चिमुकली काळपट माशी बहुधा हॅलिक्टिड कुळातली.

नेमकी जात मात्र मोबाइलच्या फोटोवरून सहसा सांगता येत नाही. त्यासाठी पंखांच्या शिरा भिंगाखाली बघाव्या लागतात. भारतातल्या मधमाश्या-गांधीलमाश्यांवरचा बिंगहॅमचा 1897 सालचा ग्रंथही अशाच बारकाव्यांवर उभा आहे.

एक खूण मात्र सोपी. काळ्या अंगावर निळे किंवा पांढरे ठिपके आणि पायांवर पराग अजिबात नाही, अशी माशी बिळांभोवती घुटमळताना दिसली तर ती थायरियस. कोकिळेची रीत तिची: दुसरीच्या, बहुधा अ‍ॅमेजिलाच्या, बिळात अंडं घालून मोकळी. ती दिसली म्हणजे अ‍ॅमेजिलाचं घर जवळच आहे, असं खुशाल समजा.